बैसाणेबाईंच्या वह्या

सूर्यावर भडका उडाला की बैसाणेबाई हातातलं फडकं खाली ठेवायच्या, पदर खोचायच्या आणि कानावरचा हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरायच्या. मग पुढची दहा-पंधरा मिनिटं त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. एकदा खुद्द प्राचार्य दारात येऊन काहीतरी विचारू लागले, तर बाईंनी त्यांच्याकडे न बघता नुसता हाताचा पंजा दाखवला. प्राचार्य थांबले. मोजणी संपल्यावर बाई उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "हां साहेब, बोला. काय पाहिजे?" प्राचार्यांना पाहिजे होती टाचण्यांची डबी.

धुळ्याच्या एका कॉलेजात त्या पदार्थविज्ञान विभागात प्रयोगशाळा परिचर होत्या. म्हणजे कामाच्या यादीप्रमाणे काचेची भांडी पुसायची, बॅटऱ्यांमध्ये पाणी भरायचं, परीक्षेच्या दिवसांत टेबलांवर नंबर चिकटवायचे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी जळगावहून एम.एस्सी. करून नुकतीच तिथं व्याख्याती म्हणून लागले होते. माहेर पहूरचं, धुळ्यात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. पहिल्याच दिवशी मी अंधारखोलीत प्रकाशाच्या प्रयोगाचं साहित्य बघायला गेले, तर कोपऱ्यात एक चाळिशीची बाई मोठ्या लोखंडी रेडिओसमोर बसून काट्याकडे टक लावून बघत होती आणि ओठातल्या ओठात काहीतरी मोजत होती. मला वाटलं, जप चाललाय.

"काय मोजताय?" मी विचारलं.

"सूर्य," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघून, "नव्या मॅडम ना? बसा. आज निजेल शे तो. काही नाही होणार."

त्या खोलीला खिडकी नव्हती. सूर्य मोजायला ही खोली कशी चालते, हे मला समजायला आठवडा लागला.

मला जे आधी देवरे सरांनी फळ्यावर समजावलं आणि मग बाईंनी पाच मिनिटांत समजावलं, ते असं. सूर्यावर अधूनमधून स्फोट होतात, त्यांना सौरज्वाला म्हणतात. त्यातून जे किरण निघतात त्यांतले काही अतिनीलच्याही पार पलीकडचे असतात, टोकाचे अतिनील. ते जमिनीपर्यंत येतच नाहीत. वरची विरळ हवा ते सगळेच्या सगळे पिऊन टाकते, आणि ते पिताना तिच्यात वीज भरते. रेडिओच्या लघुलहरी त्याच वीजभरल्या हवेवर आपटून लांब जातात. "दिल्लीची हाक वर छताला आपटते आणि धुळ्याला येते," बाई म्हणायच्या. "भडका झाला की छत हलतं. छत हललं की हाकेचा सूर बदलतो. आपल्याला किरण दिसत नाहीत, छत हललेलं ऐकू येतं. बस."

दिल्लीहून दिवसभर वेळेचे ठोके देणारं एक केंद्र होतं. त्याची लहर अगदी नेमकी. जुन्या बाजारातून आणलेल्या लष्करी रेडिओवर ती पकडायची आणि शेजारी आपल्याकडच्या स्फटिकाची, जवळजवळ तेवढ्याच कंपनांची लहर सोडायची. दोन्ही मिसळल्या की आवाज चढायचा, उतरायचा, आणि रेडिओवरचा काटा त्याच लयीत मान हलवायचा. शांत दिवशी ती लय ठरलेली. भडका उडाला की काटा एकदम घाईला यायचा. मिनिट-दोन मिनिटं त्याची ती धांदल चालायची, मग तो उलट रेंगाळायचा, आणि भडका मोठा असेल तर थोड्याच वेळात खालचा थर क्ष-किरणांनी दाट होऊन दिल्लीचा आवाजच बुडायचा. बाई दर दहा सेकंदांना काट्याचे हेलकावे मोजायच्या आणि वहीत आकडा टाकायच्या. डावा हात स्टॉपवॉचवर, उजव्या हातात पेन्सिल, नजर काट्यावर. वहीकडे बघायच्याच नाहीत, तरी आकडे सरळ रांगेत पडायचे.

यंत्र देवरे सरांनी उभं केलं होतं, हे खरं. देवरे सर आमचे विभागप्रमुख. उंच, गोरे, शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेनं. पीएच.डी. साठी हा विषय त्यांनीच निवडला होता. पण सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत काट्यासमोर बसणं त्यांच्यानं होईना. कॉलेजात त्यांचे तास, समित्या, गावात त्यांचा मान. पहिल्या दोन महिन्यांतच ते काम बाईंकडे आलं. "अक्का, मी नसताना जरा लक्ष ठेवा," असं म्हणून आलं आणि कायमचं राहिलं. मी लागले तेव्हा बाईंच्या चार वह्या भरल्या होत्या. शेवटी अकरा झाल्या.

उन्हाळ्यात धुळ्याचा पारा चढला की स्फटिकाचा सूर बिघडायचा. सरांनी पंखा लावून पाहिला, ओलं पोतं टाकून पाहिलं. एक दिवस बाईंनी खोलीतली एक फरशी उचकटवली, खाली हातभर खड्डा खणवला, त्यात माठ पुरला, माठात कोरडी वाळू आणि वाळूत स्फटिकाची डबी. वरून झाकण, झाकणावर फरशी. "आमच्या सोनगीरला उन्हाळ्यात लोण्याचं मडकं असंच पुरतात," त्या म्हणाल्या. सूर जो जागेवर बसला तो हलला नाही. प्रबंधात या व्यवस्थेवर पुढं एक संपूर्ण प्रकरण होतं.

बाई रोज सोनगीरहून बसनं यायच्या. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता, तो गेल्यावर त्या या नोकरीला लागल्या. घरी सासू होती. त्या मॅट्रिक झालेल्या, इंग्रजी अक्षरं बोट ठेवून वाचायच्या. यापलीकडे त्यांनी स्वतःबद्दल फारसं सांगितलं नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी मला निदान चार वेळा सांगितली असेल.

त्या कॉलेजात लागल्या तेव्हा स्टाफरूमचा माठ भरायचं काम त्यांच्याकडे दिलं. पहिल्या दिवशी त्यांनी माठ घासला, भरला. संध्याकाळी पाहिलं तर पाणी तेवढंच. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. प्राध्यापक मंडळी तहान लागली की कँटीनला जात होती. कोणी काही बोलत नव्हतं. बैसाणे हे आडनाव कोणत्या वस्तीतलं हे धुळ्यात कोणाला सांगावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूम भरलेली असताना देवरे सर उठले, माठातून पेला बुडवून घेतला आणि सगळ्यांसमोर उभ्यानं प्याले. पुन्हा भरला, पुन्हा प्याले. मग म्हणाले, "अक्का, उद्यापासून यात वाळा टाका. वास छान येतो." चौथ्या दिवशी दुपारीच माठ रिकामा झाला.

"त्या दिवसापासून सरांनी सांगावं आणि मी करावं," बाई म्हणायच्या. "असा माणूस मिळत नाही, पोरी."

चारचौघांत त्या मला मॅडम म्हणत, दोघीच असलो की पोरी. मला ते आवडायचं. माझा डबा कोरडा असला की त्यांच्या कळण्याच्या भाकरीतली अर्धी मला मिळायची, वर ठेचा. मी त्यांच्याकडून मोजायला शिकले. मला पन्नास हेलकाव्यांनंतर गोंधळायला व्हायचं. त्या म्हणायच्या, "तू आकडा लक्षात ठेवतेस. आकडा नको ठेवू. नाडी बघतो ना, तसं बघ."

माझ्यासमोर उडालेला पहिला मोठा भडका मला आठवतो. जेवणाची सुट्टी होती. कँटीनमध्ये पोरं रेडिओभोवती जमली होती, परदेशात कुठंतरी क्रिकेटचा सामना चालू होता आणि लघुलहरींवर त्याचं समालोचन. बाईंनी हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली. काटा धावत होता. बाईंच्या पेन्सिलीचा आवाज येत होता, बाकी काही नाही. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते, ते पुसायला त्यांचा हात गेला नाही. मग काटा मंदावला, रेंगाळला आणि आवाज हळूहळू तळाशी गेला. बाईंनी पेन्सिल ठेवली. "उठना आते," त्या म्हणाल्या, म्हणजे आता उठला. मग मला म्हणाल्या, "कँटीनमध्ये जाऊन सांग, रेडिओला ठोकू नका. त्याचा काही दोष नाही. अर्ध्या तासात येईल."

मी गेले तेव्हा पोरं रेडिओला खरोखरच ठोकत होती. मी निरोप दिला. सगळे हसले. अर्ध्या तासाच्या आतबाहेर समालोचन परत आलं, आणि तेव्हापासून कँटीनवाला बाईंना चहाचा कप भरून द्यायला लागला.

नोंदीच्या बाबतीत त्या कोणाचं ऐकत नसत. एका वर्षी विज्ञान प्रदर्शनाला मोठे पाहुणे आले. देवरे सर त्यांना आमच्या खोलीत घेऊन आले. सूर्य त्या दिवशी शांत होता, काटा आपला संथ मान हलवत होता. पाहुण्यांना कंटाळा आलेला दिसताच सर बाईंजवळ वाकून हळूच म्हणाले, "अक्का, बटण जरासं फिरवा. काटा पळेल. यांना काय कळतंय."

बाईंनी हात मांडीवरून हलवला नाही. "साहेब, आज तो उठना नही," त्या म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात. "मी कशी उठाडू?"

सर हसले, पाहुणेही हसले, सगळे चहाला गेले. त्या दिवशीच्या पानावर बाईंनी शून्य लिहिलं. जिथं यंत्र चालू होतं आणि काही झालं नाही तिथं शून्य. जिथं यंत्रच बंद होतं तिथं कोरी जागा आणि समासात कारण. आकडे इंग्रजी, समास अहिराणीत. "लाईट गई." "बॅटरी भराले देल शे." दिल्लीचं केंद्रच लागलं नाही तर "दिल्ली मुकी." शून्य आणि कोरं यांतला फरक मी विद्यार्थ्यांना पुढं तीस वर्षं शिकवला. शिकले मी त्या समासांवरून.

दर शनिवारी देवरे सर येऊन वहीतले आकडे उतरवून घ्यायचे. समास उतरवत नसत. एका शनिवारी त्यांनी हातानं लिहिलेला एका शोधनिबंधाचा कच्चा खर्डा बाईंसमोर ठेवला. वरती दोन नावं होती. पहिलं त्यांचं, दुसरं श्रीमती कौशल्या बैसाणे. बाईंनी दुसऱ्या नावावर बोट ठेवून ते सावकाश वाचलं. "कौशल्या असं लिहितात होय इंग्रजीत," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी बस सुटली तरी त्यांना घाई नव्हती. आम्ही दोघी स्टँडपर्यंत चालत गेलो आणि रस्ताभर त्या सासूला हे कसं समजावून सांगायचं याचा विचार करत होत्या. "तिला सूर्य माहीत आहे, छापलेलं नाव माहीत आहे. मधलं कसं सांगू?"

दोन वर्षांनी प्रबंध टाईप होऊन आला. सरांनी तो मला वाचायला दिला, टंकलेखनाच्या चुका काढायला. तेव्हा मी परिवीक्षेवर होते. नोकरी कायम होण्याच्या कागदावर विभागप्रमुखांचा शेरा लागायचा होता. मी तीन दिवस बसून प्रबंध वाचला. नोंदी होत्या, माठ होता, मोजण्याची पद्धत होती. बाई नव्हत्या. आभारांच्या पानावर शेवटून दुसऱ्या ओळीत "प्रयोगशाळेतील कर्मचारी" असा उल्लेख होता.

"सर, अक्कांचं नाव राहिलंय," मी म्हणाले.

"राहिलं नाही," सर म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "प्रबंधात दुसऱ्याचं नाव चालत नाही. आणि निबंधात परिचराचं नाव टाकलं तर निबंध कोणी वाचेल का? तिला तरी काय करायचंय नाव घेऊन? तिची नोकरी पक्की आहे." मग माझ्याकडे बघून, "तुमचा शेरा लिहायचाय ना मला या महिन्यात? आठवण करा."

मी आठवण केली. शेरा चांगला मिळाला. बाईंना मी काही सांगितलं नाही. त्या विचारायच्या, "झालं का सरांचं पुस्तक?" मी म्हणायचे, "होतंय."

मौखिक परीक्षा आमच्याच कॉलेजात ठेवली, कारण परीक्षकांना यंत्र प्रत्यक्ष पाहायचं होतं. पुण्याहून एक वयस्कर प्राध्यापक आले. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. बाईंनी सकाळी परीक्षेची खोली पुसून घेतली, टेबलावर धुतलेली चादर अंथरली, आणि सगळे यंत्र बघायला अंधारखोलीत गेले तेव्हा टेबलावर पडलेला प्रबंध उघडला. मी पेले घेऊन आत आले आणि दारातच थांबले. त्या पहिल्या पानापासून बघत होत्या. एकेका पानावर बोट वरून खाली न्यायच्या आणि पान उलटायच्या. आभारांच्या पानावर बोट बराच वेळ थांबलं. मग त्यांनी उरलेली पानंही तशीच बघितली, शेवटपर्यंत. प्रबंध होता तसा सरळ करून ठेवला आणि चहा आणायला गेल्या. मी तिथं आहे हे त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही.

परीक्षा सुरू झाली. तासभर सर छान बोलले. मग परीक्षकांनी एका तक्त्यावर पेन ठेवलं. "या महिन्यात वेधशाळांच्या यादीत दोन मोठ्या सौरज्वाला आहेत. तुमच्याकडे त्या दोन्ही नाहीत. एक अगदी बारीक आहे, ती मात्र आहे. असं कसं?"

सरांनी तक्ता स्वतःकडे ओढून पाहिला. "त्या दिवसांत इथं खूप ढग होते सर," ते म्हणाले.

परीक्षकांनी चष्मा काढला. "रेडिओलहरींना ढगांनी काय होतं?"

सरांच्या मानेवर घाम आला होता. परीक्षक शांतपणे म्हणाले, "देवरे, मला या नोंदींचीच शंका यायला लागली आहे. मूळ वह्या दाखवा."

"मूळ वह्या नाहीत सर. वाळवीनं खाल्ल्या."

बाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे बाकावर ठेवला. "आहेत साहेब," त्या म्हणाल्या. "अकराच्या अकरा आहेत. कपाटात आहेत."

मी त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. सरांना खोटं पाडल्याचं समाधान तिथं नव्हतं. कोणीतरी नोंदींना खोटं म्हणालं होतं, तेवढंच त्यांनी ऐकलं होतं. वह्या आणल्या नसत्या तर पदवी गेली असती, पण पाच वर्षांचे आकडेही गेले असते.

त्यांनी वही उघडून नेमकं पान काढलं. परीक्षक समासातली ओळ वाचायला लागले आणि अडखळले. "हे काय आहे?"

"लाईट गेली होती. बॅटरी भरायला दिली होती. मशीन बंद होतं, म्हणून काही लिहिलं नाही. आणि ह्या दुसऱ्या दिवशी दिल्ली लागलीच नाही. दिल्ली मुकी."

परीक्षक हसले. पहिल्यांदाच. त्यांनी पानामागून पान उलटलं. "शून्य वेगळं आणि कोरं वेगळं," ते स्वतःशीच म्हणाले. मग मान वर केली. "अक्षर कोणाचं?"

"माझं."

"मोजायचं कोण?"

बाईंनी उत्तर देण्याआधी सर बोलले. "निरीक्षणं माझी सर. मी सांगायचो, त्या लिहून घ्यायच्या. अक्षर चांगलं आहे म्हणून."

बाईंनी सरांकडे पाहिलं. रागानं नाही. माणूस अनोळखी भाषेत बोलायला लागला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो, तसं.

परीक्षकांचं समाधान झालं नव्हतं. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही याच विभागात आहात. यंत्रावर कोण बसायचं?"

"सगळं सरांच्या मार्गदर्शनाखालीच होतं, सर," मी म्हणाले.

"मी ते विचारलं नाही. काट्यासमोर बसून मोजायचं कोण?"

मला तो प्रश्न आजही त्याच आवाजात ऐकू येतो. शेरा लिहून झाला होता, पण कायम झाल्याचा आदेश यायचा होता. हे कारण मी पुढं स्वतःला कितीदा सांगितलं. तेव्हा तर मी इतकाही विचार केला नाही. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "सर बसायचे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ट्रे उचलला, सगळ्यांसमोर कप ठेवले. माझ्यासमोरही ठेवला. परीक्षकांनी बाईंकडे पाहिलं, खिशातून एक कागद काढून त्यावर काहीतरी टिपलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

सरांना पदवी मिळाली. संध्याकाळी पेढे वाटले. सर स्वतः बाईंना पेढा द्यायला गेले. "अक्का, तुम्ही वाचवलंत," असं म्हणाले. त्यांचे डोळे खरंच भरले होते, हे मला सांगितलंच पाहिजे. बाईंनी पेढा घेतला, कागदात गुंडाळला आणि प्रयोगशाळेच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशीही तो तिथंच होता, मुंग्या लागलेला.

त्या दुसऱ्या दिवशी मी अंधारखोलीत गेले तर रेडिओ बंद होता. बाई टेबलं पुसत होत्या. मी म्हणाले, "अक्का, आज सुरू नाही केलं?"

"कामाच्या यादीत नाही ते, मॅडम," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पहिल्या तासाला कोणतं साहित्य लागेल?"

मॅडम. तुम्ही. दोघीच होतो आम्ही. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा कधी पोरी म्हटलं नाही. कधी आवाज चढवला नाही, काम टाळलं नाही, सांगितलेलं साहित्य वेळेच्या आधी टेबलावर असायचं. भाकरी त्या घरूनच अर्धी कमी आणायला लागल्या असाव्यात, कारण कधी उरायची नाही. मी दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला. दर वेळी त्यांना कुठंतरी बोलावलेलं असायचं. वह्या त्यांनी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. "वाळवी लागणार नाही अशा जागी ठेवा," असं म्हणाल्या, असं मला शिपायानं सांगितलं.

सहा महिन्यांनी त्यांनी अर्ज करून बदली मागितली. कार्यालयात आवक-जावकचं टेबल रिकामं होतं, त्यांचं अक्षर चांगलं म्हणून ते त्यांना मिळालं. मलाही पुढं जळगावच्या कॉलेजात जागा मिळाली आणि मी धुळं सोडलं. देवरे सर काही वर्षांनी त्याच कॉलेजात प्राचार्य झाले. त्यांच्या सत्काराचं निमंत्रण मला आलं होतं. मी गेले नाही, पण तार पाठवली.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कोणीतरी सांगितलं की बैसाणेबाईंनी नोकरी मुदतीआधीच सोडली, सासू अंथरुणाला खिळली म्हणून. मी एका रविवारी सोनगीरला गेले. घर विचारत विचारत गेले. बाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. मला पाहून उठल्या, खाट टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. माझ्या मुलांची नावं विचारली. आत सासूला जाऊन सांगितलं, "कॉलेजमधल्या मॅडम आल्यात." मी शेंगा फोडायला घेतल्या. त्यांनी नको म्हटलं नाही.

बोलता बोलता मी विचारलं, "त्या परीक्षकांची पुढं काही गाठ पडली का?"

"गाठ नाही. पत्र आलं होतं त्यांचं," त्या म्हणाल्या. "सर प्राचार्य झाले त्या साली. प्राचार्यांच्या नावानं होतं. बैसाणेबाईंच्या मूळ वह्यांच्या प्रती पाहिजेत, बाईंशी बोलायचं आहे, त्यांना पुण्याला पाठवता येईल का, असं. माझं नाव होतं त्यात. इंग्रजीत."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगेल? आवक माझ्याकडंच होतं ना. मीच फोडलं. क्रमांक घातला, शिक्का मारला, सरांच्या टेबलावर ठेवलं."

त्या शेंगा फोडत होत्या. टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला.

"मग?"

"मग काही नाही. उत्तर गेलं असतं तर मला कळलं असतं. जावकही माझ्याकडंच होतं. वर्षभर मी बघत होते. गेलं नाही." त्यांनी सुपातले दाणे एकदा पाखडले. "दुसरं पत्र आलं. त्यालाही क्रमांक घातला. मग यायची बंद झाली. त्यांना वाटलं असेल, बाई मेली."

"तुम्ही स्वतः का नाही लिहिलं त्यांना? पत्ता तर होता पत्रावर."

बाईंनी हात थांबवले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. "लिहायला बसले होते एकदा," त्या म्हणाल्या. "नोंदी मी घेतल्या, असं लिहिलं. मग विचार केला, ते विचारतील, हे पाहिलेलं कोणी आहे का? मग मी कोणाचं नाव लिहू?"

आवाजात काही नव्हतं. खरोखरच प्रश्न विचारल्यासारखा तो प्रश्न होता. मी म्हणाले, "अक्का, त्या दिवशी मी—"

"चला मॅडम," त्या उठल्या, मांडीवरची टरफलं झटकली. "चारची गाडी गेली की मग सहापर्यंत काही नाही. जळगावला पोहोचायला अंधार होईल तुम्हाला."

त्या मला महामार्गापर्यंत सोडायला आल्या. वाटेत किल्ल्याच्या पायथ्याशी नवीन टाकी झाली आहे, पाणी आता एक दिवसाआड येतं, असं सांगत होत्या. मला काही बोलता येऊ नये इतकं त्या बोलल्या. गाडी दिसली तशी त्यांनी रस्त्याच्या कडेला जाऊन हात केला. कंडक्टर ओळखीचा होता. "मॅडमला धुळ्याला जळगावची गाडी दाखवून दे रे भाऊ," त्याला सांगितलं. मी पायरीवर चढले, खिडकीजवळ जागा मिळवली आणि काच खाली ओढायला लागले. काच अडकली होती. दोन्ही हातांनी जोर लावून ती खाली आणली आणि डोकं बाहेर काढलं, तोवर बाई रस्ता ओलांडून पलीकडे पोहोचल्या होत्या. समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं त्यांना काहीतरी विचारलं, बहुतेक कोण आलं होतं असं. बैसाणेबाईंनी कोणी नाही, अशी मान हलवली आणि दोघी गावाकडे चालायला लागल्या.